दहा काड्या

आज शनिवार. नेहमीप्रमाणे उशिरा उठायचं ठरवलं होतं आणि नेहमीप्रमाणेच साडेसहाला जाग आली. खिडकीतून बघितलं तर बाहेर मळभ. संक्रांत होऊन गेली तरी मळभ! बायको चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होती. म्हणाली, "काय छान हवा पडलीय ना? मुळशीकडे चक्कर मारून येऊ या का?"

आणि मी काय करत होतो? मोबाईलवर तासगावचं आकाश बघत होतो.

ही सवय जुनी आहे. माझ्या मोबाईलमध्ये हवामानाची चार ॲप आहेत. चारही ॲपमध्ये पहिलं गाव तासगाव, दुसरं पुणे. ऑफिसातली पोरं हसतात. पुण्यात छत्री न्यायची की नाही हे मी खिडकीतून डोकावून ठरवतो, पण दोनशे किलोमीटरवरच्या दोन एकरावर कुठला ढग कधी येणार हे मला माहिती पाहिजे असतं. त्या दोन एकराबद्दल गेले दोन महिने लिहीन लिहीन म्हणतोय. दर वीकेंडला काहीतरी निघतं (खरं सांगायचं तर मीच काहीतरी काढतो). आज मात्र लिहूनच टाकतो.

आधी तासगाव म्हणजे कुठं ते सांगायला हवं. मी २००७ साली नोकरीला लागलो तेव्हा हा प्रश्न यायचाच नाही. "तासगाव" म्हटलं की समोरचा लगेच म्हणायचा, "अच्छा, आर. आर. आबांचं!" तेव्हा आबा उपमुख्यमंत्री होते, गृहखातं त्यांच्याकडं होतं. अंजनी हे त्यांचं गाव आमच्याच तालुक्यातलं. २०१५ च्या फेब्रुवारीत आबा गेले आणि आता टीममध्ये येणाऱ्या नव्या पोरांना "तासगाव" सांगितलं की विचारतात, "नाशिकजवळ का?" द्राक्षं म्हटलं की नाशिक, हे इतकं पक्कं बसलंय! मग मी त्यांना सांगतो की बाबांनो, तुम्ही खिरीत जो बेदाणा घालता ना, त्यातला कितीतरी आमच्याकडून येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय टॅग मिळालाय. आणि 'तास-ए-गणेश' नावाची द्राक्षाची जात आहे, ती आमच्या बोरगावची, वसंतराव आरवे यांच्या बागेतली. एवढं ऐकून पोरं विचारतात, "मग येताना आणणार का?" आणतो. दर वर्षी मार्चमध्ये पाच किलोचा बॉक्स कँटीनमध्ये ठेवतो आणि अर्ध्या तासात तो रिकामा होतो.

तर घरात मी म्हणजे हवामान खातं. ही नेमणूक २००९ साली झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात 'फयान' वादळ आलं होतं, आठवतंय का? ११ तारखेला ते कोकण किनाऱ्यावर धडकलं. त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात काम नव्हतं म्हणून मी उपग्रहाची चित्रं बघत बसलो होतो. अरबी समुद्रात पांढरा भोवरा दिसला. घरी फोन केला, "आण्णा, उद्या पाऊस लागणार. औषध आजच मारून घ्या." आण्णांनी फारसा विश्वास न ठेवता, पण पोरगं एवढं सांगतंय म्हणून, संध्याकाळी फवारणी उरकली. दुसऱ्या दिवसापासून पाऊस. बागा फुलोऱ्यात होत्या, डावणीनं सगळीकडं धुमाकूळ घातला. आमचंही नुकसान झालं, पण निम्मा माल हाताला लागला. तेव्हापासून दर दोन दिवसांनी फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न.

"काय म्हंतंय तुझं यंत्र?"

मी सांगायचं, "तीस टक्के."

"तीस टक्के म्हंजे येणार का न्हाई?"

आता हे फोनवर कसं समजावणार? मी एकदा प्रयत्न केला होता. "आण्णा, असे दहा दिवस घेतले तर त्यातल्या तीन दिवशी पाऊस पडतो." आण्णा म्हणाले, "मला दहा दिवस नगोत. मला उद्याचा सांग." बरोबरच आहे. फवारणी केली आणि वर पाऊस झाला की औषध धुऊन गेलं, पैसे पाण्यात. नाही केली आणि पाऊस झाला की रोग. तीस टक्के फवारणी करता येत नाही!

आणि यंत्राचंही एक गणित असतं. आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ सालचं, म्हणजे चांगलं दीडशे वर्षांचं. मे २०२५ मध्ये त्यांनी पुण्याच्या आयआयटीएममध्ये तयार झालेलं नवं मॉडेल सुरू केलं. ते सहा किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज देतं. आधीचं बारा किलोमीटरचं होतं. मोठीच प्रगती आहे ही, मला त्याचं फार कौतुक आहे. पण एकदा सहज कॅल्क्युलेटरवर मांडलं. सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ हजार एकर. त्यात आमची दोन. आमच्याकडं तर वळीव रस्त्याच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं धुरळा उडत असतो!

असो. मुद्द्यावर येतो.

२०२५ चा मे. तुम्हाला आठवत असेल, मान्सून २४ मे रोजीच केरळात आला. २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. मुंबईत तर २६ तारखेला पोचला, जिथं एरवी ११ जून धरतात. पुण्यात सगळे खूश. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भजी, कणसं, सिंहगड सगळं सुरू. मीही घरच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि खाली तीन-चार ढग आणि छत्र्या चिकटवल्या. भावोजींनी अंगठा दिला, आत्यानं हात जोडले. आण्णांचं काहीच नाही.

संध्याकाळी फोन केला. आण्णा म्हणाले, "पाऊस चांगलाच हाय की. ऊसवाल्यांची चंगळ हाय. पण आमची काडी आत्ता ऊन मागत्या."

मला तेव्हा हे नीट कळलं नव्हतं. लाज वाटते लिहायला, द्राक्षाच्या घरात वाढलो तरी कळलं नव्हतं. नंतर आमच्या बेदाणेवाल्या मित्रानं समजावून सांगितलं. (त्याला शाळेपासून सगळे 'शेठ' म्हणतात. तेव्हा चिडवायला म्हणायचे, आता त्याचं बेदाण्याचं शेड आहे, त्यामुळं नाव शोभतं.) प्रकार असा असतो. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एक एप्रिलमध्ये, खरड छाटणी. दुसरी ऑक्टोबरच्या आसपास, पीक छाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर नवीन काड्या येतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांच्या दरम्यान त्या काडीच्या प्रत्येक डोळ्यात आत ठरतं, की पुढं इथून घड निघायचा की नाही. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत वेलीला कडक ऊन लागतं. ऊन नसलं, सारखं ढगाळ राहिलं, मुळाशी पाणी साचलं की वेल नुसती पाल्यावर जाते आणि घडाच्या जागी बाळी होते. बाळी म्हणजे तो तारेला वेटोळं घालणारा दोरा. घड आणि बाळी एकाच मुळापासून येतात म्हणे. परिस्थिती बरी असली की घड, नसली की बाळी. शेठ म्हणाला, "आपल्या वर्गागत हाय बघ. सगळी एकाच बाकावरची."

मेमधला तो पाऊस म्हणजे बरोब्बर त्या दिवसांत पडलेला. आणि हिशोब कळणार कधी? ऑक्टोबरमध्ये डोळे फुटले की! मधले चार महिने औषध, खत, मजुरी सगळं चालूच. आमच्याकडं प्रॉडक्शनमधला बग चार महिन्यांनी सापडला तर केवढा दंगा होतो. इथं दर वर्षीचा प्रकार.

आता याला एक उपाय निघालाय. पीक छाटणीच्या आधी काड्या कापून लॅबमध्ये द्यायच्या. तिथं एकेक डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात, कितव्या डोळ्यात घड आहे, किती आहेत, छाटणी कुठं घ्यावी. मी हे ऐकलं आणि म्हटलं, आण्णा, हे करायचंच. डेटा मिळतोय तर घ्यायचा!

मी गणपतीला गावी गेलो. म्हणजे आमच्याकडं गणपती म्हणजे रथ. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. पटवर्धनांनी, म्हणजे परशुरामभाऊंनी, अठराव्या शतकात बांधलेलं देऊळ आहे. त्यावर दक्षिणेसारखं सात मजली गोपुर. कर्नाटकाच्या मोहिमांत त्यांनी तशी देवळं बघितली होती, त्यावरून. २०२५ साली ऋषिपंचमी २८ ऑगस्टला, गुरुवारी आली. मी मॅनेजरला 'वर्क फ्रॉम होम' सांगून आलो होतो. (मॅनेजर हे वाचत नाही अशी आशा आहे.) दोर ओढायला हजारो माणसं, गुलालात रस्ता दिसत नाही. आण्णांनीही दोराला हात लावला. त्यांचं वय अडुसष्ट. मी म्हटलं, "लांब थांबा की." ते म्हणाले, "माझ्या ओढण्यानं रथ हलत न्हाई रं. आपला हात लागला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. काड्या घ्यायच्या होत्या. नेमका तेव्हाच ऑफिसचा कॉल. मी बांधावर उभा राहून इअरफोन घालून 'येस, येस' करतोय आणि आण्णा कात्री घेऊन फिरतायत. दहा काड्या झाल्या. माझ्यासमोर धरून त्यांनी मानेनंच विचारलं, चालतील का? मी कॉल म्यूटसुद्धा केला नाही. अंगठा वर केला. मग त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि दुपारी मी स्वतः लॅबमध्ये देऊन पुण्याला निघालो.

रिपोर्ट आला. चांगला! दहापैकी आठ काड्यांत घड, सहाव्या-सातव्या डोळ्यावर. मी रात्री बसून एक्सेल केलं. काडीमागे घड, वेलीमागे काड्या, एकरी वेली, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, बेदाण्याचा भाव कमी धरून एक रकाना, जास्त धरून एक रकाना. खर्च एकरी तीन लाख. सगळे रकाने हिरवे. आण्णांना फोन केला.

"छाटू का मग? लोक म्हंत्यात औंदा काय खरं न्हाई. शेजारच्यांनी बाग काढायचं ठरवलंय."

मी म्हटलं, "आण्णा, लोकांचं सोडा. आपल्याकडं रिपोर्ट आहे. घ्या छाटणी."

सप्टेंबरच्या शेवटी छाटणी झाली. दिवाळीला, पाडव्याच्या दिवशी, मी बागेत गेलो. डोळे फुटून पंधरा-वीस दिवस झालेले, म्हणजे घड दिसायलाच पाहिजेत. वरच्या एकरात, रस्त्याकडेला, दिसत होते. गेल्या वर्षीइतके नाहीत पण होते. आम्ही बोलत बोलत खाली गेलो. खालच्या एकरात पोचलो तसं आमचं बोलणं कमी होत गेलं. हिरवागार फुटवा, पानं तळहाताएवढी, आणि प्रत्येक फुटीवर बाळी. मी एका ओळीतल्या वेली मोजल्या. अकरा वेलींत तीन घड, तेही गोळीएवढे.

मी विचारलं, "आण्णा, त्या काड्या कुठल्या घेतल्या होत्या?"

आण्णा म्हणाले, "ह्या वरच्या अंगाच्या की. चांगल्या बघून घेतलेल्या. लॅबमधी न्यायच्या म्हंजे काय वाळक्या द्यायच्या का?"

मला एकदम हसू आलं आणि ते घशातच अडकलं.

त्यांचं काय चुकलं? त्यांनी आयुष्यभर हेच केलंय. पुण्याला पाठवायचा बॉक्स भरताना घड निवडून भरतात. पाहुण्याला द्यायचा बेदाणा पाखडून देतात. बाहेर जाणारी वस्तू घरातली सगळ्यात चांगली असायला पाहिजे. चुकलं ते माझं. मी रोज हेच काम करतो. कुणी मला आकडे आणून दिले की पहिला प्रश्न विचारतो, "सॅम्पल कुठून घेतलं?" नव्या पोरांना त्यावर अर्धा तास लेक्चर देतो. आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बापानं एकाच कोपऱ्यातल्या दहा काड्या कापल्या, मला विचारलंही, आणि मी अंगठा दाखवला. मी वीस मिनिटं कॉल सोडून त्यांच्याबरोबर फिरलो असतो तर खालच्या अंगाला पाणी साचलेलं दिसलं असतं. चप्पल रुतली असती तरी कळलं असतं.

तासगावात हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. कारण या गावाची द्राक्षं नुसती मेहनतीवर उभी राहिलेली नाहीत. श्रीपाद दाभोलकर नावाचे गणिताचे प्राध्यापक (डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊ) यांनी प्रयोग परिवार सुरू केला, त्यात इथले द्राक्षवाले होते. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करायचा, स्वतः मोजायचं, एकमेकांना सांगायचं. आजोबांच्या पिढीतली माणसं अजून सांगतात, की तेव्हा वेलीखाली बसून पानं मोजायचे. म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या कितीतरी आधी इथं लोक डेटा गोळा करत होते, आणि तोही चिखलात उभं राहून.

त्या संध्याकाळी शेठला भेटलो. स्टँडजवळ चहा. तो सांगत होता, की अशा बागा गावोगाव आहेत. माल कमी म्हणून बेदाण्याला भाव मिळेल, पण ज्याच्याकडं घडच नाही त्यानं भाव बघून काय करायचं? त्याच्या शेडची निम्मी रॅक रिकामी राहतील असं त्याला वाटत होतं. एरवी फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला बोलायला फुरसत नसते. द्राक्षं धुवायची, डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, जाळीच्या रॅकवर पसरायची, पंधरा दिवस वाऱ्यावर सुकवायची, गंधकाची धुरी द्यायची. त्या पंधरा दिवसांत पाऊस आला की माल काळा. म्हणजे त्याचाही जीव ढगालाच टांगलेला. तो म्हणाला, "गड्या, आपण दुष्काळी माणसं. टँकरनं पाणी घालून बागा जगवल्या आपल्या बापांनी. आणि आता पाण्यानंच मारलं."

खरंच होतं ते. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्हीही टँकर घेतले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा देशभर आमच्या जिल्ह्याचं नाव झालं, आणि त्याच वेळी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत टँकर फिरत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरानं सांगली बुडाली, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या पावसानं बागा सडल्या. पाणी कमी पडल्याचं दुःख आणि जास्त झाल्याचं दुःख, दोन्ही एकाच घरात.

मी शेठला काड्यांची गोष्ट सांगितली. वाटलं तो शिव्या घालेल. तो म्हणाला, "आण्णांना बोललास काय?" मी म्हटलं, "काय बोलू?" म्हणाला, "तुझं चुकलं म्हणून सांग. त्यांना वाटत असणार त्यांचंच चुकलं."

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात आण्णा पान लावत बसले होते. मी सगळं सांगितलं. सॅम्पल म्हणजे काय, काड्या सगळीकडच्या का घ्यायच्या, आणि हे मला माहीत असून मी बघितलं नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तू न्हाई म्हटला असतास तरी मी छाटलीच असती. झाड हाय, वर्ष आलं, छाटायचं." ते खरं बोलत होते की मला बरं वाटावं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाले, "खालचा एकर काढायचा म्हंतोय. ऊस लावू. पाणी हाय आता कालव्याचं. ऊसाला माणूस लागत न्हाई एवढं."

खालचा एकर म्हणजे २००८ साली लावलेला. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची शिल्लक त्यात गेली होती, अँगल, तारा, डॉगरीजचे खुंट, ठिबक. गडी माणसं अजून त्याला 'सायबाची बाग' म्हणतात. आण्णा माझ्याकडं बघत नव्हते, पानाला चुना लावत होते. पण ते मलाच विचारत होते.

आणि तेव्हा मला काय वाटलं हे लिहायचं म्हणूनच दोन महिने टाळत होतो. मला बरं वाटलं. आधी, सगळ्यात आधी, बरं वाटलं. अडुसष्टाव्या वर्षी पहाटे चारला ट्रॅक्टरवर औषधाच्या तुषारात बसणारा माणूस, तो आता निम्माच बसेल. रात्री दोनला उठून रडार बघायला नको. आणि एक दिवस कुणीतरी जो प्रश्न विचारणार होतं, की पुढं ही बाग कोण बघणार, तो न विचारताच निम्मा सुटला. हे सगळं एका क्षणात वाटून गेलं आणि मग त्याची लाज वाटली. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "काढू दे. त्यांची कंबर बघतोस न्हवं." म्हणजे तिघांनाही तेच वाटत होतं आणि तिघंही एकमेकांसाठी गप्प होतो.

मी म्हटलं, "काढा आण्णा. माझी हरकत नाही. वरचा ठेवू."

"वरचा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरास्नी खायला पायजेत की."

डिसेंबरात खालची बाग निघाली. मी मुद्दाम दोन दिवस रजा टाकून गेलो, फोन घरात ठेवून. सतरा वर्षांचे खुंट, मनगटापेक्षा जाड. आधी तारा सोडल्या, मग अँगल उपटले, मग मशिननं खुंट. भंगारवाला अँगल वजनावर घेऊन गेला. आण्णांनी थोडे ठेवून घेतले, गोठ्याला होतील म्हणून. संध्याकाळी ती जागा एवढीशी दिसायला लागली. मांडव होता तोपर्यंत केवढी वाटायची.

वरच्या एकरातले घड आता पाणी भरायच्या टप्प्यात आहेत. मार्चमध्ये शेठच्या शेडवर जातील. एका रॅकपुरते तरी होतील. म्हणून आजचं हे मळभ.

आत्ताच, हे लिहिताना मध्येच, आण्णांचा फोन येऊन गेला.

"काय म्हंतंय यंत्र?"

"वीस टक्के. तुमच्याकडं काय दिसतंय?"

हे हल्ली मी विचारायला लागलोय. आधी कधी विचारत नव्हतो. थोडा वेळ काहीच आवाज नाही. अंगणात जाऊन बघत असणार.

"वारं उगवतीकडनं हाय. ढग पातळ हायत. न्हाई यायचा."

"मग फवारणी?"

"आजच्या दिस थांबतो. सांजच्याला परत बघून सांग. मी बी बघतो."

बायको तयार होऊन बसलीय. मुळशीला निघतोय. कॅमेरा घेतलाय, डब्यात थालीपीठ घेतलंय. संध्याकाळी सहाच्या आत रेंजमध्ये यायचं एवढंच तिला सांगून ठेवलंय.